वेग, अंतर, वेळ : सराव संच घडवतानाच्या नोंदी (कोल्हापूर)

पोलीस भरती आणि सरळसेवेच्या लेखी परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींसाठी, कोल्हापुरातल्या एका अभ्यासिकेत या एकाच घटकाचा सराव संच तयार केला. त्या कामाच्या या नोंदी. दुसऱ्या गावात कुणी असाच संच करायला घेतला, तर कुठं वेळ जातो, काय चालत नाही आणि त्यावर काय उपाय निघाला, हे आधीच हाताशी असावं म्हणून जशा लिहिल्या तशाच ठेवल्यात.

४ डिसेंबर : चुकांचे गठ्ठे

संचाची सुरुवात प्रश्नांपासून केली नाही. आधी सरावाचे सोडवलेले पेपर घेतले आणि त्यासोबत कच्च्या कामाचे कागदही मागून घेतले. हे कागद मिळाले नाहीत तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. उत्तरपत्रिकेत फक्त गोल काळा केलेला असतो, मूल कोणत्या पायरीवर घसरलं ते त्यातून दिसत नाही.

कागदांचे गठ्ठे लावले : एकक न बदललेले, मिनिटांचे तास चुकीचे केलेले, दोन वेगांची बेरीज करून निम्मी केलेले, गाडीची लांबी विसरलेले, दोघांच्या सुटण्याच्या वेळा वेगळ्या आहेत हे न वाचलेले. सूत्रच चुकलं असा कागद शोधूनही मिळेना. ‘अंतर = वेग × वेळ’ सगळ्यांना पाठ आहे. कोणतं अंतर, कुणाचा वेग आणि कोणत्या टप्प्याचा वेळ, इथं गाडी अडते.

नमुन्यादाखल एक कागद : बस ४० मिनिटांत ३० किमी जाते, ताशी वेग किती? कागदावर ३० ÷ ०.४० = ७५. भागाकार बिनचूक आहे. ४० मिनिटं म्हणजे ०.४० तास हे मात्र चूक, तो २/३ तास आहे आणि उत्तर ४५. पर्यायांमध्ये ७५ होतंच. पेपर काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते, म्हणून तो पर्याय मुद्दाम ठेवतो. संचातल्या प्रत्येक प्रश्नाचे चुकीचे पर्याय या गठ्ठ्यांतूनच घ्यायचे, असं आजच ठरवून टाकलं. मनाला येईल तो आकडा टाकला तर मूल बरोबर उत्तर निव्वळ पर्याय बघून ओळखतं आणि सराव होतच नाही.

७ डिसेंबर : ५/१८ की १८/५?

ताशी किमीचे सेकंदाला मीटर करताना ५/१८ नं गुणायचं की १८/५ नं, यात निम्मा वर्ग अडखळतो. पाठांतरावर पाठांतर करून घेतलं तरी दोन दिवसांनी पुन्हा उलटंच. पाठांतर सोडून एकच आधार दिला : ताशी ३६ किमी म्हणजे ३६,००० मीटर ३,६०० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला १० मीटर. हे पक्कं झालं की बाकीचं त्यातूनच निघतं. १८ ला ५, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५, १०८ ला ३०. किमीचा आकडा नेहमी मोठा, मीटरचा लहान. उत्तर उलटं आलं तर लगेच डोळ्यात खुपतं.

हे डोक्यात बसावं म्हणून सकाळच्या धावण्याच्या वेळी मैदानावर १०० मीटर आखले. साहित्य : ३० मीटरचा फायबर टेप, फक्की, चार खुंट्या, मोबाईलमधलं स्टॉपवॉच. टेप तीनदा लावून ९० होतात, उरलेले १० वेगळे मोजावे लागतात, आणि प्रत्येक जोडाला खुंटी ठोकली नाही तर तिथंच हातभर फरक पडतो. टेप सैल सोडला तर अंतर खोटं येतं. एकानं शून्यावर पाय न देता हातानं धरायचा, दुसऱ्यानं ताणायचा.

वेळ घेणारा शेवटच्या रेषेवर उभा राहतो. सुरुवातीला शिट्टी वापरली. आवाज १०० मीटर यायला साधारण ०.३ सेकंद घेतो, त्यामुळे घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं. चालण्यात याचं काही वाटत नाही, पण १०० मीटरच्या धावेत ०.३ सेकंद पुष्कळ झाले. शिट्टी बंद केली, रुमाल खाली टाकायची खूण ठेवली.

साध्या चालीनं १०० मीटरला ७२ सेकंद लागले तर वेग बरोबर ताशी ५ किमी होतो. १,६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत मारले तर सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८. हे आकडे मुलांच्या पायातले आहेत, त्यामुळे ते विसरत नाहीत. वरची हद्दही सांगून ठेवली : उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, त्याचा सरासरी वेग ताशी साधारण ३७.६ किमी. धावणाऱ्या माणसाचं उत्तर ताशी ५० आलं तर पुढं न जाता मागं वळून एकक तपासायचं.

११ डिसेंबर : मिनिटांचे तास

१५, ३०, ४५ मिनिटांना चूक होत नाही. १२, २०, २४, ४०, ४८ ला होते. म्हणून अपूर्णांकांची एक पट्टी केली : १० मिनिटं १/६, १२ ला १/५, २० ला १/३, २४ ला २/५, ३६ ला ३/५, ४० ला २/३, ४८ ला ४/५, ५० ला ५/६. एवढी तोंडपाठ हवी. दशांश चिन्ह वेळेसाठी वापरायचंच नाही, हा नियम संचाच्या पहिल्या पानावर ठळक टाकला.

याच्या उलट बाजूचीही तयारी लागते. उत्तर २.४ तास आलं की मुलं २ तास ४० मिनिटं लिहितात. ०.४ तास म्हणजे २४ मिनिटं. असे चार-पाच प्रश्न मुद्दाम घातले.

१५ डिसेंबर : त्रिकोण काढून तक्ता आणला

बऱ्याच ठिकाणी सूत्राचा त्रिकोण शिकवतात : वर अंतर, खाली वेग आणि वेळ, हवं ते झाकायचं. एका टप्प्याच्या उदाहरणाला तो ठीक आहे. दोन टप्पे आले की मुलं पहिल्या टप्प्याचं अंतर आणि दुसऱ्या टप्प्याचा वेळ घेऊन मोकळी होतात, कारण त्रिकोणात ‘कुणाचं’ आणि ‘कुठलं’ लिहायला जागाच नाही. संचातून त्रिकोण पूर्ण काढला.

त्याऐवजी चार रकाने : कोण, अंतर, वेग, वेळ. नियम एकच, एका ओळीत एकच वेग. वेग बदलला की नवी ओळ. गाडी थांबली तरी नवी ओळ, वेग शून्य. दुसरा माणूस आला की त्याची ओळ वेगळी. प्रश्न वाचून होईपर्यंत आकडेमोड करायची नाही, आधी ओळी भरायच्या. प्रत्येक ओळीत दोन घरं भरली की तिसरं आपोआप निघतं. ज्या ओळीत एकच घर भरलंय तिथं अडलंय, आणि मग शेजारच्या ओळीशी तिचं काय नातं आहे (अंतर सारखं? वेळ सारखा? बेरीज माहीत?) ते प्रश्नात शोधायचं.

थांब्यांचं एक उदाहरण यावर चांगलं बसतं. एसटी थांबे वगळून ताशी ५४ किमीनं धावते, थांबे धरून ताशी ४५ पडतात, तर तासाला किती मिनिटं थांबते? पहिली ओळ धावण्याची : अंतर ४५, वेग ५४, म्हणून वेळ ४५/५४ तास म्हणजे ५० मिनिटं. दुसरी ओळ थांबण्याची : वेग ०, वेळ उरलेली १० मिनिटं. मुलं इथं ५४ मधून ४५ वजा करून ९ मिनिटं लिहीत होती. ते ९ किमी आहेत, मिनिटं नव्हेत. तक्त्यात ९ हा आकडा वेळेच्या रकान्यात येतच नाही.

तक्ता भरायला सुरुवातीला वेळ लागतो आणि मुलं कुरकुरतात. तरी आठवडाभर सक्ती ठेवावी. त्यानंतर ज्याला गरज नसेल तो स्वतःच सोडून देतो.

१९ डिसेंबर : पन्हाळ्याची सरासरी

कोल्हापूर ते पन्हाळा सुमारे २० किमी. सायकलनं जाताना ताशी २० आणि येताना ताशी ३०, तर पूर्ण फेरीचा सरासरी वेग किती? वर्गात एकमुखानं उत्तर येतं २५. तक्ता मांडला : जायला १ तास, यायला ४० मिनिटं, एकूण ४० किमी, ५/३ तास, सरासरी २४.

उत्तर दिसलं तरी पटत नाही, हे इथं ध्यानात आलं. ‘दोन्हींच्या बरोबर मधलाच पाहिजे ना’ हा आग्रह जात नाही. तो मोडायला दोन प्रश्न शेजारी-शेजारी ठेवावे लागले. एक हाच. दुसरा : एक तास ताशी २० नं आणि एक तास ताशी ३० नं गेला, सरासरी किती? इथं २५ बरोबर. पहिल्यात अंतर सारखं आहे, म्हणून कमी वेगावर जास्त वेळ गेला आणि सरासरी तिकडं ओढली गेली. दुसऱ्यात वेळ सारखा आहे. ‘अंतर सारखं की वेळ सारखा’ हा प्रश्न विचारल्याशिवाय सरासरीला हात घालायचा नाही.

२xy/(x+y) हे सूत्र (x आणि y हे दोन वेग) फक्त समान अंतराला लागू आहे. ते संचात दिलं, पण या दोन उदाहरणांनंतर. आधी दिलं की मुलं ते सगळीकडं लावत सुटतात, तीन टप्प्यांनाही. तीन टप्प्यांना अंतर म्हणून वेगांचा लसावि घ्यावा. वेग २०, ३०, ६० असतील तर प्रत्येक टप्पा ६० किमी धरा : ३ + २ + १ = ६ तास, १८० किमी, सरासरी ३०.

या पानावरचा सगळ्यात मोलाचा प्रश्न असा : पन्हाळ्याला ताशी २० नं गेलो, पूर्ण फेरीची सरासरी ४० पडायला येताना वेग किती हवा? मुलं ६० लिहितात. ४० किमीची फेरी ताशी ४० नं म्हणजे १ तास, आणि तो तास जातानाच संपला. कितीही जोरात आलं तरी जमत नाही. पर्यायांत ‘शक्य नाही’ ठेवलं. हा प्रश्न ज्याला एकदा नीट कळला, तो सरासरीत पुन्हा फसत नाही.

२४ डिसेंबर : उशीर आणि लवकर

ताशी ४ किमीनं चाललं तर १० मिनिटं उशीर, ताशी ५ नं चाललं तर ५ मिनिटं लवकर. अंतर किती? समीकरण मांडून सोडवायला गेलं तर बरोबर येतं, पण कागद भरतो. गुणोत्तरानं लवकर होतं : वेग ४ : ५, म्हणून वेळ ५ : ४. फरक एका भागाचा, आणि तो १० + ५ = १५ मिनिटं. म्हणजे वेळा ७५ आणि ६० मिनिटं, अंतर ५ किमी.

चूक होते ती १० आणि ५ च्या बेरीज-वजाबाकीत. ‘एकदा उशीर, एकदा लवकर’ असेल तर बेरीज. दोन्ही वेळा उशीर असेल तर वजाबाकी. हे सांगून भागत नाही, एक आडवी रेघ काढून मधोमध ठरलेली वेळ लिहायची, उजवीकडं उशीर, डावीकडं लवकर. दोन खुणांमधलं अंतर हाच फरक. रेघ काढणाऱ्यांची ही चूक थांबली.

याच जातीचा दुसरा : नेहमीच्या वेगाच्या ३/४ वेगानं गेल्यास २० मिनिटं उशीर होतो, नेहमीचा वेळ किती? वेळ ४/३ पट झाला, वाढलेला १/३ म्हणजे २० मिनिटं, नेहमीचा वेळ ६० मिनिटं. इथं १/४ म्हणजे २० धरून ८० लिहिणारे बरेच. पर्यायांत ८० घातलं.

२९ डिसेंबर : समोरासमोर, आणि आकडे कुठून घ्यायचे

आधीच्या कच्च्या संचात गावांची नावं खरी होती आणि अंतरं मनानं टाकलेली. ते सगळं बदलावं लागलं. कोल्हापूरच्या पोराला कोल्हापूर–पुणे ४०० किमी वाचायला दिलं की त्याचा प्रश्नावरचा विश्वासच उडतो. आता नियम असा : नाव खरं असेल तर अंतरही खरं, नाहीतर ‘अ’ आणि ‘ब’ गाव. रस्त्यानं पुणे सुमारे २३० किमी आहे. रेल्वेनं मिरजेवरून वळसा पडतो, त्यामुळे ते सव्वातीनशे किमीच्या घरात जातं. प्रश्नात रस्ता की रेल्वे, हे लिहायलाच हवं.

उदाहरण : कोल्हापुरातून एसटी सकाळी ७ ला ताशी ५० नं सुटली, पुण्यातून मोटार ८ ला ताशी ७० नं. अंतर २३० किमी. कधी भेटतील? थेट २३० ला १२० नं भागणारे जवळजवळ सगळे. उपाय असा की उशिरा सुटणाऱ्याच्या वेळेला घड्याळ थांबवायचं. ८ वाजता एसटी ५० किमीवर आली. मध्ये उरले १८०. आता दोघंही चालताहेत, जवळ येण्याचा वेग १२०, वेळ दीड तास. भेट साडेनऊला, कोल्हापूरपासून ५० × २.५ = १२५ किमीवर. पुण्याकडून ७० × १.५ = १०५. बेरीज २३०, पडताळा झाला.

१२५ किमी म्हणजे साताऱ्याच्या आसपास. उत्तर नकाशावर ठेवून बघायची ही सवय लावावी. एकाचं उत्तर कोल्हापूरपासून ९५ किमी आलं होतं. ‘साडेनऊपर्यंत एसटी अडीच तास चालली, म्हणजे कुठवर?’ एवढं विचारल्यावर त्यानं स्वतःच कागद खोडला.

३ जानेवारी : आगगाडी, खांब आणि पूल

इथं सगळ्यात जास्त वेळ गेला. खांब ओलांडताना गाडीची स्वतःची लांबी, पूल किंवा फलाट ओलांडताना दोन्हींची बेरीज. सांगितलं की माना डोलतात, सोडवताना पुन्हा नुसती पुलाची लांबी. एका मुलीनं नेमकं विचारलं, “सर, गाडी पुलावर आली म्हणजे कुठून मोजायचं? तोंड आलं तेव्हापासून का सगळी आली तेव्हापासून?” अडचण हीच होती, आणि तक्त्यातही तिला जागा नव्हती.

बाकावर पट्टी आणि खोडरबर सरकवून दाखवलं. पुढच्या बाकांपलीकडं ते पोचलं नाही, आणि बघणारेही पट्टीच्या पुढच्या टोकाकडंच बघत राहिले. मग व्हरांड्यात आणलं. तिथं एक फुटी फरशा आहेत, टेप लागत नाही. १५ फरशांचा पूल, दोन्ही टोकांना खडूची रेघ. १० फूट सुतळी, ती धरून चार जण ओळीत, ही गाडी. सुतळी ताठ राहिली पाहिजे, नाहीतर गाडी आखडते. बाकीच्यांनी पहिल्या मुलाच्या पायाखालच्या फरशा मोठ्यानं मोजायच्या. तो पहिल्या रेघेवर आला की मोजणी सुरू, आणि शेवटचा मुलगा दुसरी रेघ ओलांडून “सुटलो” म्हणाला की बंद. मोजणी २५ वर थांबते. १५ आणि १० ची बेरीज फळ्यावर लिहायची गरजच राहिली नाही.

लगेच दुसरी फेरी : गाडी पूर्णपणे पुलाच्या आत किती वेळ होती? शेवटचा मुलगा पहिली रेघ ओलांडतो तिथून मोजायला सुरुवात, पहिला दुसऱ्या रेघेवर पोचला की थांबायचं. मोजणी ५. इथं वजाबाकी आहे. परीक्षेत हा प्रश्न आला की बेरीज-वजाबाकी उलटी होते, म्हणून दोन्ही फेऱ्या एकामागोमाग घ्याव्यात.

तक्त्याला पाचवा रकाना जोडला नाही. ‘अंतर’ रकान्याच्या डोक्यावर एवढंच लिहिलं : तोंडानं कापलेलं अंतर. गाडीचं एकच टोक धरायचं, ते घटना सुरू होताना कुठं होतं आणि संपताना कुठं गेलं.

आकडे घालून : गाडी २४० मीटर, वेग ताशी ५४ म्हणजे सेकंदाला १५ मीटर. खांब १६ सेकंदांत. ३६० मीटरचा पूल ६०० ÷ १५ = ४० सेकंदांत. पुलाच्या पूर्ण आत १२० ÷ १५ = ८ सेकंद. रुकडीजवळच्या पंचगंगेच्या रेल्वे पुलाचं नाव द्यायचा मोह होता, पण ३६० हा सोयीसाठी घेतलेला आकडा आहे, म्हणून नुसतं ‘एक पूल’ ठेवलं.

वेग आणि लांबी दोन्ही विचारतात तेव्हा : खांब १२ सेकंदांत, ३०० मीटरचा फलाट ३२ सेकंदांत. ३२ पैकी १२ सेकंद गाडीच्या स्वतःच्या लांबीचे. उरलेले २० सेकंद निव्वळ फलाटाचे. वेग ३०० ÷ २० = १५, लांबी १५ × १२ = १८० मीटर. समीकरण मांडावं लागत नाही. खिडकीत बसलेला माणूस समोरून जाणारी गाडी बघतो, तेव्हा फक्त समोरच्या गाडीची लांबी घ्यायची. माणूस हा खांबच.

८ जानेवारी : उसाच्या ट्रॉल्या

एकाच दिशेनं जाणाऱ्या गाड्यांचा सापेक्ष वेग शिकवायला या दिवसांत रस्त्यावरच उदाहरण आहे. कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या, आणि ओव्हरटेक करायला टपलेली एसटी. ट्रॅक्टरसह लांबी १८ मीटर धरली, एसटी १२ मीटर. ट्रॅक्टर ताशी १८ (सेकंदाला ५), एसटी ताशी ५४ (सेकंदाला १५).

एसटीचं तोंड शेवटच्या ट्रॉलीला भिडल्यापासून एसटीची शेपूट ट्रॅक्टरच्या पुढं निघेपर्यंत : अंतर १८ + १२ = ३०, सापेक्ष वेग १५ − ५ = १०, वेळ ३ सेकंद. इथंवर नेहमीचं. पुढचा भाग संचात मुद्दाम घेतला : त्या ३ सेकंदांत एसटी रस्त्यावर किती पुढं गेली? ३० मीटर लिहिणारे बहुतेक सगळे. ३० हे ट्रॅक्टरच्या तुलनेतलं अंतर आहे. रस्त्यावर १५ × ३ = ४५ मीटर. समोरून ताशी ७२ नं मोटार येत असेल तर ती तेवढ्यात ६० मीटर येते. म्हणजे १०५ मीटर रस्ता मोकळा हवा, आणि तोही लेन बदलण्याचं अंतर न धरता.

या उदाहरणानं दोन कामं झाली. सापेक्ष वेगानं निघतो तो वेळ खरा आणि दोघांना सारखाच लागू, पण अंतर मात्र ज्याचं त्याच्या वेगानं पुन्हा काढावं लागतं, हे डोक्यात बसलं. आणि मोटारसायकलवरून अभ्यासिकेत येणाऱ्या पोरांनी हे गणित स्वतःच्या गाडीचे आकडे घालून करून बघितलं. तेवढ्यासाठी तरी हे उदाहरण कुणी गाळू नये.

१२ जानेवारी : नाव आणि शर्यत

नावेची उदाहरणं सोपी गेली. संथ पाण्यात ८, प्रवाह २, म्हणून प्रवाहासोबत १०, विरुद्ध ६. ३० किमीला ३ तास आणि ५ तास. जाऊन-येऊन सरासरी ६० ÷ ८ = ७.५. इथं ८ लिहिणाऱ्याला पन्हाळ्याचं पान परत दाखवायचं.

शर्यतीत एक प्रश्न चांगला वादाला घालतो. १०० मीटरमध्ये अ नं ब ला १० मीटरनं हरवलं. दुसऱ्या वेळी अ १० मीटर मागून सुटला, वेग तेच. बरोबरी होईल? अ चे १०० होतात तेव्हा ब चे ९०. म्हणजे ९० मीटरच्या खुणेवर दोघं एकत्र येतात, आणि शेवटचे १० मीटर अ जास्त वेगानं धावतो. अ च जिंकतो, १ मीटरनं.

गोल धावपट्टीवर ‘पहिल्यांदा भेटतील’ आणि ‘सुटले तिथंच भेटतील’ हे वेगळं आहे. ४०० मीटरची पट्टी, वेग सेकंदाला ५ आणि ३, दिशा एकच : पहिली भेट ४०० ÷ २ = २०० सेकंदांनी, पट्टीच्या बरोबर समोरच्या बाजूला. सुटल्या जागी दोघं ४०० सेकंदांनी, ५ आणि ३ फेऱ्या झाल्यावर. आकडे निवडताना जपावं लागतं. ५ आणि ४ घेतले तर दोन्ही उत्तरं ४०० च येतात आणि फरक दिसतच नाही. पहिल्या मसुद्यात नेमके तेच आकडे होते, ते बदलले.

१७ जानेवारी : ५४ सेकंद

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. तक्ता पूर्ण भरून एवढ्यात होत नाही. म्हणून संचाचे दोन भाग केले. पहिल्यात वेळेचं बंधन नाही, तक्ता सक्तीचा. दुसऱ्यात घड्याळ लावून.

घड्याळाच्या भागात आधी पर्याय कापायला शिकवलं. समान अंतराची सरासरी दोन वेगांच्या मध्ये आणि लहान वेगाकडं झुकलेली असते. प्रवाहाविरुद्धचा वेळ जास्तच असतो. पूल ओलांडायला खांबापेक्षा जास्त वेळ लागतो. उत्तर कोणत्या एककात मागितलंय, ते पर्याय वाचायच्या आधी बघायचं, कारण ‘मिनिटांत’ विचारून तासातलं उत्तर पर्यायात ठेवलेलं असतं. दोन पर्याय उरले तर त्यातला एक आकडा प्रश्नात घालून पडताळायचा, उत्तर शून्यातून काढत बसायचं नाही. मिनिट झालं आणि एकही पर्याय कापला गेला नाही, तर खूण करून पुढं.

२१ जानेवारी : छपाई आणि खर्च

क्रम बदलला. आधी एकक, मग सरासरी, मग रेल्वे असे विषयवार गट होते. विषयवार ठेवलं की मूल पानाचं शीर्षक बघूनच पद्धत ठरवतं. आता दर विषयानंतर एक मिसळीचं पान आहे, त्यावर शीर्षक नाही.

उत्तरांच्या पानावर नुसता पर्याय क्रमांक दिला नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो कसा येतो ते चार शब्दांत लिहिलं : ‘मिनिटं दशांशात’, ‘गाडीची लांबी राहिली’, ‘वेगांची साधी सरासरी’. हे लिहायला प्रश्न काढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पण घरी एकट्यानं सोडवणाऱ्याला तेवढाच आधार असतो, म्हणून ते टाळू नये.

खर्च : टेप ३५० रुपये, फक्की आणि खुंट्या १८०, सुतळी ४०. झेरॉक्स २ रुपये पान, २४ पानांचा संच ४८ रुपयांना पडला. पाठपोट काढला तर कमी होतो, पण तक्त्याचं पान आणि त्याचे प्रश्न एकाच कागदाच्या दोन बाजूंना जातात आणि मूल सारखं पान उलटत बसतं. ती पानं एकतर्फी काढावीत, उत्तरांची पाठपोट चालतात.